टायर : बेटाचं द्वीपकल्प कुणी केलं?

नकाशात लेबनॉनचा दक्षिण किनारा बघा. जमिनीची एक जीभ समुद्रात शिरलेली दिसते. तिच्यावर टायर वसलंय, अरबीत 'सूर'. निसर्गानंच अशी रचना केली असेल, असं आपण धरून चालतो. पण इ.स.पूर्व ३३२ पर्यंत हे बेट होतं.

किनाऱ्यापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर. भोवती तट, उत्तरेला एक बंदर, दक्षिणेला दुसरं. बॅबिलोनच्या नेबुकदनेझरचा वेढा तेरा वर्षं चालला म्हणतात.

मग अलेक्झांडर आला. जवळ पुरेसं आरमार नाही. त्याने किनाऱ्यावरचं जुनं टायर पाडलं आणि त्याचे दगड, लेबनॉनचं लाकूड समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घालायला घेतला. आपल्याला इथे जंजिरा आठवणारच. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनीही तिथे असाच भराव घालायला घेतला होता, तो अपुरा राहिला. टायरचा पुरा झाला. अर्थात नुसत्या भरावाने शहर पडलं नाही. सिडोनची, सायप्रसची जहाजं अलेक्झांडरला येऊन मिळाली, तेव्हा कुठे सात महिन्यांनी तट फुटला.

आता प्रश्न असा, की द्वीपकल्प केलं कुणी? अलेक्झांडरने, हे उत्तर अर्धंच आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथला गाळ तपासला. बेट लाटा अडवत होतं, त्या आडोशाला हजारो वर्षं वाळू साचत होती आणि भरावाच्या वेळी पाणी तिथे फार उथळ होतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वाळू हे उपादान कारण, अलेक्झांडर निमित्त कारण. मडक्याला माती लागते तशी. पुढे भरावाने प्रवाह अडला, दोन्ही बाजूंना आणखी वाळू धरली, पट्टा रुंदावला. आज त्यावर वस्ती आहे.

बेटपण गेलं, तरी टायरचा धंदा गेला नाही. धंदा जांभळ्या रंगाचा, समुद्री गोगलगायींपासून काढलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी एका रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायी वापरल्या, तर रंग मिळाला १.४ ग्रॅम! म्हणून तो राजेलोकांचा रंग. स्ट्रॅबो लिहितो, रंगशाळांमुळे शहर राहायला नकोसं झालंय, पण श्रीमंतही त्यांच्यामुळेच.

तिसऱ्या शतकात याच गावात एक तत्त्वज्ञ जन्मला. मूळ नाव मल्खस, म्हणजे राजा. गुरूने ते बदलून पॉर्फिरी केलं, म्हणजे जांभळा. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राकडे युरोपातले आणि अरब विद्यार्थी पुढे शतकानुशतकं याच्याच छोट्या प्रस्तावनेतून शिरले. आणि टायर फोडणारा अलेक्झांडर कुणाचा शिष्य? ॲरिस्टॉटलचाच.