कार्बोरेटरांतील पेट्रोलची पातळी

हेदवीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिली नाहीं. गुहागरास दवाखान्यांत जावयाचें असो, चिपळुणास आगगाडी गांठावयाची असो, किंवा दशभुज गणपतीच्या दर्शनास आलेल्या पाहुण्यांस पोहोंचवावयाचें असो, तिच्यावांचून अडतें. तथापि ज्या यंत्रावर आपण रात्रीं-अपरात्रीं घरांतील आजाऱ्याचा भार टाकतों, त्याच्या पोटांत काय चालतें हें जाणण्याची जिज्ञासा सुशिक्षित कुटुंबांतही क्वचित् आढळते. यंत्र रुसलें कीं हातीं येईल तो स्क्रू पिळावा, हाच बहुधा उपाय. आमचें म्हणणें असें आहे कीं, स्क्रूला हात लावण्यापूर्वीं एक गोष्ट मोजून पाहावी. ती म्हणजे कार्बोरेटरच्या वाटींतील पेट्रोलची पातळी.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाविषयींचे भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, व त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल विद्युत्‌नियंत्रित पिचकारीनें सोडलें जातें. त्यांना पुढील विवेचन लागू नाहीं. परंतु मद्रासची जुनी एन्फील्ड बुलेट, म्हैसूरची येझदी, १९८५ मध्यें निघालेली हीरो होंडा सीडी १००, अशा गाड्या अद्याप पुष्कळांनीं जतन केल्या आहेत. मुंबईस नोकरीवर असलेला मुलगा आपली जुनी गाडी गांवीं ठेवून जातो, मृगापासून ती पडवींत उभी राहते, आणि गणपतींत तो आला कीं ती सुरू होत नाहीं, हा प्रकार अनेक घरांच्या परिचयाचा आहे.

पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण करणें हें कार्बोरेटरचें काम. एक भार पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ भार हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागें जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! इतकें विषम प्रमाण साधावयाचें तर पेट्रोल सदैव एकाच उंचीवरून मिळालें पाहिजे. जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यानें १८९३ मध्यें तरंगत्या फ्लोटचा उपयोग करून ही युक्ति सिद्धीस नेली. घरावरील पाण्याच्या टांकींत तरंगता गोळा असतो. पाणी चढलें कीं गोळा वर येतो व तोटी बंद करतो. कार्बोरेटरच्या वाटींत हेंच घडतें. पेट्रोल चढलें कीं फ्लोट उचलला जातो, त्याची लहानशी जीभ एका सुईस वर ढकलते, आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते.

हवेच्या मार्गांत पेट्रोलच्या नळीचें तोंड या पातळीच्या किंचित् वर उघडतें. वेगानें जाणाऱ्या हवेमुळें तेथील दाब कमी होतो व पेट्रोल वर ओढलें जातें. पातळी उंच असेल तर थोड्या ओढीनेंही अधिक पेट्रोल येतें. खालीं असेल तर पुरेसें येत नाहीं. म्हणून एक-दोन मिलिमीटरांचा फरकही इंजिनास जाणवतो.

पातळी अधिक झाल्यास प्लग काजळीनें काळा होतो, पेट्रोलचा खप वाढतो, वास सुटतो, वाटीच्या नळींतून थेंब गळतात. अति झाल्यास पेट्रोल इंजिनच्या तेलांत उतरून तेल पातळ करतें. पातळी उणी असल्यास प्लग पांढुरका दिसतो, इंजिन तापतें, व गाडी चढावर गुदमरते. परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान निर्दोष मानलें आहे. काळ्या प्लगावरून पातळीचें अनुमान तसें नव्हे. हवेची जाळी चोंदली असतां, किंवा चोक अडकला असतां, प्लग तसाच काळा होतो. हा व्यभिचारी हेतु होय. म्हणून अनुमानावर न थांबतां प्रत्यक्ष मोजावें.

मोजण्याची पहिली रीत कोरडी. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करावी, कार्बोरेटर काढावा व वाटी सोडवावी. फ्लोट हलवून पाहावा. आंत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटका आहे, बदलावा. सुईच्या टोंकास वळ पडला असेल तर तीही बदलावी, कारण झिजलेल्या सुईवर केलेलें माप व्यर्थ होय. मग कार्बोरेटर असा कलता धरावा कीं फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगवाल्या टोंकास केवळ स्पर्श करील, तें दाबणार नाहीं. वाटी जेथें बसते त्या सपाट कडेपासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें व गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडून पाहावें. हा आंकडा प्रत्येक गाडीचा निराळा असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्या गाडीस चालत नाहीं.

येथें अनेकांची गल्लत होते. हें अंतर वाढलें म्हणजे पातळी वाढली असें वाटतें. वस्तुतः ती उतरते. अंतर अधिक याचा अर्थ फ्लोट वाटींत खोल असतांनाच सुई बंद होते. फरक असल्यास जीभ केसभर वांकवावी व पुन्हां मोजावें. फ्लोटवर जोर देऊन वांकवूं नये. कांहीं गाड्यांतील प्लास्टिकच्या फ्लोटची जीभ वांकवितांच येत नाहीं. तेथें सुई व फ्लोट बदलणें हाच उपाय.

दुसरी रीत ओली, व अधिक विश्वसनीय. वाटीच्या खालच्या तोटीस पारदर्शक नळी जोडून तिचें दुसरें टोंक वाटीच्या बाजूनें वर धरावें, तोटीचा स्क्रू सैल करून कॉक उघडावा. परस्परांस जोडलेल्या पात्रांत द्रव सारख्याच उंचीस येतो, या नियमानें वाटींतील पातळी नळींत दिसते. ती वाटीच्या जोडापासून किती खालीं किंवा वर आहे तें मोजावें. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीचें माप खोटें येतें. नळी एकदां खालीं गेल्यावर पुन्हां वर उचलूं नये, नाहींतर तींतील पेट्रोल वाटींत परत ढकललें जाऊन पातळी खोटी चढते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडींतही पेट घेते, आणि ती हवेच्या तिपटीहून जड असल्यानें जमिनीलगत दूरवर पसरते. ज्या पडवींत सुईंतून गळणारी गाडी उभी आहे, तिच्या समोरच तुळशीपाशीं सांजवात लागते, मागील दारीं बंब पेटतो, आणि ओटीवर मुलें निजलेलीं असतात. एका कणानें अडकलेली सुई एवढ्या घराला अपाय करूं शकते. म्हणून हें काम दिवसां, उघड्या अंगणांत, थंड इंजिनावर करावें. दिवा, विडी व मुलें दूर ठेवावीं. सांडलेलें पेट्रोल पुसलेलीं फडकीं उन्हांत मोकळीं वाळवावीं. गाडी उभी करतांना कॉक बंद करण्याची संवय घरांतील प्रत्येकास लावावी.

कोंकणांत आणखी दोन कारणें संभवतात. खारी व दमट हवा पितळेस हिरवा गंज आणते. शिवाय २०२५ पासून देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें व जुन्या रबरी भागांस बाधतें. यास्तव गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी. इथेनॉलमुळें मिश्रण थोडें विरळ होतें हें खरें. परंतु त्यासाठीं फ्लोटची पातळी चढवूं नये. तो दोष जेट बदलून जाणत्या कारागिराकडून दूर करावा. पातळी ही भिंतीच्या ओळंब्यासारखी आहे; ती प्रथम पुस्तिकेप्रमाणें नेमकी करावी, व मगच जेट, सुई, एअर स्क्रू यांकडे वळावें.

ज्याच्यापाशीं पुस्तिका नाहीं, किंवा ज्याच्या हातीं बारीक कामाची स्थिरता नाहीं, त्यानें गाडी कारागिराकडे न्यावी. पण त्यालाही एवढें अवश्य विचारावें, “पातळी मोजली कां?”