विश्लेषण : दात सरळ व्हायला दोन वर्षे का लागतात? ब्रेसेस काढल्यावर काय?

दहावी-बारावीची परीक्षा संपली की अनेक घरांत ब्रेसेसचा विषय निघतो. पहिला प्रश्न खर्चाचा असतो, दुसरा ‘किती महिन्यांत होईल?’ हा. बहुतेकांना दीड ते दोन वर्षे हे उत्तर मिळते आणि तिथेच चेहरा पडतो. लग्न चार महिन्यांवर आलेल्यांचा तर जास्तच. पण हा वेळ डॉक्टर ठरवत नाहीत, जबड्याचे हाड ठरवते.

दात हाडातून सरकतो कसा?

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. ब्रेसेसच्या तारेने दातावर सतत हलका दाब पडला, की दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथले हाड काही पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. तार फक्त दाब देते, वाट हाडाने करून द्यायची असते. याचा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर.

जोर दुप्पट केला तर वेळ निम्मा होत नाही. जास्त दाबाने त्या पातळ थरातला रक्तपुरवठा अडतो, दात काही काळ जागचा हलत नाही आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. म्हणूनच सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची बारीक तार लावतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू १९७०च्या दशकात दंतोपचारात आला. कितीही वाकवला तरी तो मूळ आकारात परत येऊ पाहतो आणि येताना दाब हलका, जवळपास एकसारखा ठेवतो. दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात बोलावतात ते तार तपासायला, बदलायला. मधल्या काळात हाड आपले काम करत असते.

चांगला दात का काढायचा?

पालकांना सर्वात खटकणारी गोष्ट हीच. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर जागा कुठून तरी आणावीच लागते. सुळ्यामागची पहिली उपदाढ काढली की सुमारे ७ मिलिमीटर जागा मिळते. वरचा १ मिलिमीटरचा हिशेब लावला, तर ती जागा भरायलाच सहा-सात महिने जातात. अर्थात प्रत्येकाचे दात काढावे लागत नाहीत. गर्दी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून भागते, वाढत्या वयात टाळू रुंदावता येतो. त्यामुळे दात काढायचे म्हटले, तर एक्स-रे समोर ठेवून कारण विचारावे. मूल सात वर्षांचे झाले की एकदा तपासणी करून घ्या, असे अमेरिकेतील ऑर्थोडोंटिस्टची संघटना सांगते, ते यासाठीच.

मोठ्यांसाठी वयाची अट नाही, हिरड्यांची आहे. तंबाखू किंवा मिश्रीने हिरड्या खराब झाल्या असतील तर आधी त्यांचा उपचार, मग तार.

दुखते किती? खायचे काय?

तार लावल्यावर काही तासांत ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी तो सर्वाधिक असतो आणि आठवड्याभरात ओसरतो. तेवढे दिवस वरण-भात, खिचडी. गालाला तार टोचत असेल तर दवाखान्यात मिळणारे मेण लावावे. पुढे चिक्की, ऊस, मक्याचे कणीस, सुपारी पूर्ण बंद. एक ब्रॅकेट निघाले की तो दात तिथेच थांबतो आणि उपचार लांबतो. पांढऱ्या सिरॅमिक ब्रेसेसचे पारदर्शक रबर आपल्या हळदीच्या जेवणाने पिवळे पडतात, हे आधी कोणी सांगत नाही.

खरा धोका मात्र ठणक्याचा नसून घासण्याचा आहे. ब्रॅकेटभोवती अन्न साचत राहिले तर तिथे पांढरट चट्टे पडतात. दात सरळ होतात, पण डागाळलेले.

अलायनर लावले तर?

पारदर्शक, काढता येणारे, म्हणून तरुणांची पसंती. पण ते दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. ऑफिसात दिवसाला पाच चहा घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. शिवाय डॉक्टरांना न भेटता घरपोच मागवणे जोखमीचे. स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलायनर देणारी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर लटकले. ‘दोन भेटींत सरळ दात’ ही जाहिरात बहुधा कॅप किंवा व्हिनियरची असते. त्यात दात सरकत नाही, झाकला जातो. अनेकदा त्यासाठी निरोगी दात घासावा लागतो आणि घासलेला दात परत येत नाही.

उपचार कुठे घ्यावा?

बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस याच विषयात केलेले डॉक्टर म्हणजे ऑर्थोडोंटिस्ट. पदवी कोणत्या विषयातली, हे विचारण्यात संकोच नको. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ मात्र हाताशी हवा. बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहरात जाणार असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगावे. निघताना एक्स-रे, दातांचे साचे आणि उपचाराचा आराखडा मागून घ्यावा. अर्धवट केस दुसरा डॉक्टर त्याशिवाय सहसा घेत नाही.

ब्रेसेस निघाले, मग संपले?

इथेच सर्वाधिक लोक चुकतात. नवे हाड पक्के व्हायला काही महिने लागतात आणि हिरडीतले ताणलेले तंतू वर्षभर दाताला जुन्या जागी खेचत राहतात. म्हणून रिटेनर. सुरुवातीला जवळपास दिवसभर, नंतर रोज रात्री, तेही वर्षानुवर्षे. खालच्या पुढच्या दातांमागे अनेकदा बारीक तार कायमची चिकटवतात. प्लास्टिकचा रिटेनर गरम पाण्याने धुतला की वाकडा होतो. तो हरवण्याची हमखास जागा म्हणजे हॉटेलचे टेबल : जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवला जातो आणि ताटाबरोबर उचलला जातो. तसे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दोन-चार दिवसांत नवे माप द्यायला जावे.