अमेरिकेचा गहू आणि आपली चूल

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलींच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतील घराघरांत जे पदार्थ होत असत, त्यांच्या कृती कोठे मिळतील? ते केक, ती सजविलेली टेबले त्यांनी मोबाइलवर पाहिलेली असतात आणि आपल्याही घरी तसे काही व्हावे असे त्यांना वाटते. जिज्ञासा चांगली आहे. परंतु त्याच काळातील अमेरिकन धान्याच्या कृती त्यांच्या स्वतःच्या घरात, आजीच्या हातांत आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. पी. एल. ४८० या नावाने तो आपल्याकडील वृद्धांना आजही ठाऊक आहे. तेथील शेतकऱ्यांजवळ धान्य शिल्लक पडत होते आणि आपल्याकडे ते पुरत नव्हते. १९५६ मध्ये भारताशी करार झाला व गव्हाची जहाजे येऊ लागली. पुढे १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने पाठ फिरविली, तेव्हा एका १९६६ सालातच सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले ते १९६५ मधील. उपवासकाळाची सवय असलेल्या आपल्या कुटुंबांना ते जड गेले नसावे. ज्यांच्या घरी मुळातच एक वेळची चूल पेटत होती, त्यांना सोडण्यासारखे मात्र काही उरलेच नव्हते.

सरकारी गव्हाखेरीज दुसरीही एक वाट होती. अमेरिकेतील कॅथोलिक महागुरूंनी १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, साहाय्यसंस्था स्थापन केली. कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९४६ पासून भारतात काम करीत आली आहे. तिच्यामार्फत दुधाची भुकटी, बल्गर गहू, मक्याचे पिवळे पीठ व तेल अशा वस्तू धर्मग्रामांपर्यंत, शाळांपर्यंत आणि दवाखान्यांपर्यंत पोहोचत. पोत्यांवर व डब्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात छापलेले असत. ही अमेरिकेच्या जनतेची भेट आहे, ती विकू अथवा बदलू नये, अशी सूचनाही असे. रिकाम्या पोत्यांबद्दल सूचनेत काही म्हटलेले नसल्यामुळे त्यांचे पुढे काय झाले, हे आमच्या भगिनी हसत हसत सांगतात.

आता स्वयंपाकाकडे वळू. सौसर व पांढुर्णा या भागांतील चूल ज्वारीची. भाकर, कण्या, आंबील, घुगऱ्या हे तिचे नित्याचे जेवण. तिच्यापुढे बल्गर येऊन पडला. हा गहू उकडून, वाळवून, मग भरडलेला असतो. त्यामुळे त्याचा चिकटपणा गेलेला असतो. काहींनी तो जात्यावर दळून पोळी लाटली, ती तव्यावर पडण्याआधीच तुटली. मग कोणा शहाण्या बाईने तो कण्यांसारखा शिजविला आणि प्रश्न सुटला. एक आजीबाई आम्हांस म्हणाल्या, “फादर, पोत्यावर कृती नव्हती. असती तरी कोणाला वाचता येत होती? हाताला घेतलं, चावून पाहिलं, कळलं.” त्यांची कृती अशी: बल्गर कोरडा भाजावा, दुप्पट पाण्यात गंजात शिजवावा, पाणी आटत आले की गूळ व चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवावे व चुलीतील लाकडे ओढून घ्यावीत. वेलदोडा घरात असलाच तर नाताळाला. तिखट हवा असल्यास हिरवी मिरची, लसूण व आंबट ताक.

दुधाच्या भुकटीने अधिक छळले. ती गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होत. आधी थंड पाण्यात पातळ लेप करून मग कोमट पाणी घालावे, हे अनुभवाने समजले. लोणी काढलेल्या दुधाची ती भुकटी, म्हणून साय धरत नसे. पण साखरेच्या पाकात मळून तिच्या वड्या होत, आणि आमच्या ऐकण्यात असे अनेक साठीतले गृहस्थ आहेत ज्यांना आजही पेढ्यापेक्षा त्या वड्यांची आठवण गोड वाटते.

मिलो मात्र कोणाला आवडला नाही. ही अमेरिकेची लाल ज्वारी. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात ती रेशनच्या दुकानांतून खाल्लेले आप्त आपल्यापैकी पुष्कळांचे आहेत. तेथील दुष्काळी कामांवरील सुकडीही त्याच दिवसांतली. मिलोची भाकर थापताना फाटे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, मूठभर उडदाचे पीठ मिसळून ती सावरून घेत, असे आम्हांस सांगण्यात आले. चवीबद्दल मात्र सांगणारी गप्प राहिली.

ही गप्प राहण्याची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. या पदार्थांविषयी विचारले की पुष्कळ वृद्धा प्रथम विषय टाळतात. दुधाच्या भुकटीसाठी ख्रिस्ती झाले, असा टोमणा आपल्या पूर्वजांना सोसावा लागला आहे. १९५४ मध्ये त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५६ च्या तिच्या अहवालाने आमिषाचा आरोप सरकारी कागदावर आला. तेव्हापासून भेटीचे दूध प्यालो असे उघड म्हणणे कित्येकांना अवघड झाले. वस्तुतः पी. एल. ४८० चा गहू साऱ्या देशाने, सर्व धर्मांच्या लोकांनी खाल्ला. भुकेल्या मुलाला दूध पाजणाऱ्या मातेने मान खाली का घालावी, हे आम्हांस कधीच उमगलेले नाही. त्या शरमेने कृतीही झाकल्या गेल्या, आणि १९६६ साली विशीत असलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत.

खुद्द अमेरिकेतील कृती हव्या असतील त्यांनाही आम्ही निराश करणार नाही, पण थोडे सावध करू. तेथील त्या काळच्या पुष्कळ कृती डबाबंद वस्तू खपविण्यासाठी कंपन्यांच्या स्वयंपाकघरांत रचल्या गेल्या. १९५५ ची प्रसिद्ध फरसबीची कॅसरोल सूपच्या डब्याशिवाय होतच नाही, आणि बेटी क्रॉकर या नावाची सुगृहिणी तर कधी जन्मलीच नाही. एका पिठाच्या कंपनीने १९२१ मध्ये ते नाव योजिले. याउलट अर्मा रॉमबावर ही खरीखुरी विधवा होती. सेंट लुई येथे तिने १९३१ मध्ये स्वखर्चाने पाककृतींच्या पुस्तकाच्या ३,००० प्रती छापल्या. तिचे पुस्तक मिळाल्यास जरूर वाचावे. तेथील कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या चहाच्या कपाने मोजू नये. टंचाईच्या दिवसांत अंडी, दूध व लोणी यांवाचून होणारा एक केक तेथे लोकप्रिय झाला, तो आपल्या घरांना सोयीचा आहे: मैदा दीड कप, साखर एक कप, कोको तीन मोठे चमचे, खाण्याचा सोडा एक लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, तेल पाच मोठे चमचे, व्हिनेगर एक मोठा चमचा, पाणी एक कप. अर्ध्या पाण्याऐवजी आपल्याकडील संत्र्याचा रस घालून पाहावा. वाळू तापवून झाकणाखाली भाजला तरी चालतो.

परंतु ही कृती कोठेही मिळेल. आजीची मिळणार नाही. म्हणून मुलींनो, या सुटीत वही घेऊन तिच्याजवळ बसा. नुसते विचारू नका, तिला करावयास सांगा. बल्गरऐवजी बाजारातील जाडसर दलिया चालेल. तिची मूठ वाटीत ओतून घेऊन तराजूवर ठेवा, भांडे कोणते व माणसे किती हेही लिहा. त्या दिवसांत हा पदार्थ प्रथम कोणाला वाढला जाई, तेही विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्यावा. वह्या आमच्याकडे पोहोचत्या कराव्यात, निवडक कृती आम्ही या पानांत छापू. ज्यांना नाव छापलेले नको असेल त्यांचे छापले जाणार नाही. प्रमाण मात्र स्पष्ट असावे. ‘अंदाजाने’ एवढेच लिहिलेली वही आम्ही परत पाठवू.