यंत्रमागाच्या शेडमध्ये ऊन येत नाही

आपल्या मुलखात उन्हाचा तोटा नाही. मे महिन्यात मालेगावचा पारा 42 अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. तरीही मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांपैकी कोणत्याही पेठेतल्या दवाखान्यात तासभर बसून पाहा. कंबर धरते, पिंडऱ्या दुखतात, जिना चढवत नाही, असे सांगणारे कारागीर आणि त्यांच्या घरच्या बायका भेटतील. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाती डॉक्टर जीवनसत्त्व 'ड'ची पुडी ठेवतात. आणि बरोबर सल्ला असतो, "सकाळच्या कोवळ्या उन्हात बसत जा."

आम्ही कापडाचे व्यापारी, वैद्यकीचे जाणकार नव्हे. पण आमची रोजी ज्या धंद्यावर चालते त्याची घडणच या दुखण्याला हातभार लावत असेल, तर त्याची चर्चा व्यापाराच्या पानावर व्हायलाच हवी.

शेडची घडण आपणां सर्वांना ठाऊक आहे. पाळी बारा तासांची. खिडक्या बंद, कारण वारा आत आला की सूत कोरडे पडते आणि ताण्याचे धागे तुटतात. छपराला पत्रा, उजेड ट्यूबलाइटचा. दिवसपाळीचा माणूस सकाळी आत जातो तो मगरिबनंतर बाहेर येतो. रात्रपाळीचा दिवसभर झोपतो. कारखानदार गादीवर, आम्ही पेढीवर, मुनीम वहीसमोर. घरातील स्त्रियांची गोष्ट तर याहून बिकट. जुन्या घराला आंगण होते. पडद्याच्या आत राहूनही तेथे धूप मिळत असे, डोक्याला तेल लावणे आणि धान्य निवडणे तेथेच चाले. आंगणावर खोल्या चढल्या, खोल्यांवर मजले चढले आणि धूप घराबाहेर गेली.

हे जीवनसत्त्व शरीर स्वतःच कातडीत तयार करते. पण उन्हातील अतिनील किरणांचा एक ठरावीक भाग त्यासाठी लागतो. हे किरण काचेतून येत नाहीत, म्हणून दुकानाच्या काचेआड बसून काही मिळत नाही. सूर्य तिरपा असतानाही ते जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. तिरुपतीला झालेल्या अभ्यासात सकाळी 11 ते दुपारी 2 ही वेळ सर्वांत कामाची ठरली. सोपी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे. सावळ्या कातडीला वेळ अधिक लागतो. तेव्हा कोवळ्या उन्हाचा सल्ला मनाला बरा वाटला तरी हाडांना त्यातून थोडेच मिळते.

याला धर्माचा रंग देणारे पुष्कळ आहेत. म्हणून सांगतो, दिल्लीत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघड्यावर काम करणाऱ्या सैनिकांच्या रक्तात 'ड' पुरेसे होते आणि रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांत ते कमी होते. त्याही आधी, 1922 साली, हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातील मुडदूस रोगाविषयी लिहिले. पडदा पाळणाऱ्या मुस्लिम आणि उच्चवर्णीय हिंदू, अशा दोन्हीकडच्या खात्यापित्या घरांतील मुलांत हा रोग होता. ज्यांच्या आया शेतात राबत त्या गरिबांच्या मुलांत नव्हता. दोष कोंडून राहण्याचा होता, मग घर कोणाचेही असो.

आपल्या लोकांबाबत विलायतेत काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. 1962 साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी तेथील पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि हाडे मऊ पडण्याचा विकार असल्याचे लिहिले. पुढे बरीच वर्षे खाणे बदला, पेहराव बदला, असे उपदेश चालले. चपातीच्या पिठात 'ड' मिसळण्याची सूचना आली, ती सरकारने स्वीकारली नाही. अखेर 1979 पासून ग्लासगोत या मुलांना 'ड' फुकट वाटण्याची मोहीम निघाली आणि मुडदूस घेऊन रुग्णालयात येणारी मुले कमी झाली. 2016 साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने स्पष्ट सल्ला दिला की, ज्यांचे अंग बहुतेक झाकलेले असते किंवा ज्यांची कातडी गडद आहे त्यांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, घेण्याचा विचार करावा. त्यात बुरख्यावर टीका नाही. माणूस जसा राहतो तसा धरून हिशेब केला आहे. आम्हांला धोरण म्हणतात ते हे वाटते.

आपल्याकडे 2018 साली दिल्लीत 'प्रोजेक्ट धूप' सुरू झाला. शाळांनी सकाळची प्रार्थना 11 ते 1 च्या दरम्यान उन्हात घ्यावी, अशी कल्पना. कल्पना उत्तम, पण ती शाळेच्या फाटकाशी थांबली. त्याच वर्षीच्या नियमांनी तेल आणि दुधात 'अ' व 'ड' मिसळण्याचे प्रमाण ठरवून दिले आणि मिसळणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवले. अशा पाकिटावर 'प्लस एफ' हे निळे चिन्ह असते. व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब करा. एक ग्रॅम तेलात 4.4 ते 6.4 युनिट. माणसागणिक रोज 25 ग्रॅम तेल धरले तर 110 ते 160. पाव लिटर दुधातून आणखी 50 ते 75. 2020 साली आयसीएमआरने प्रौढाची रोजची गरज 600 ठरवली आहे. म्हणजे चिन्हाचे तेल आणि दूध दोन्ही घेणाऱ्यालाही निम्मे मिळत नाही. आणि आमचा कारागीर नाक्यावरून सुटे तेल नेतो, त्यावर कसले चिन्ह?

मग राहते ती सुटी. कारखानदार म्हणतील, माग थांबला तर नुकसान कोणाचे? तोही हिशेब मांडू. मिनिटाला 110 पीक टाकणारा माग, 52 पीकचे कापड, 20 मिनिटांत जेमतेम एक मीटर. सहा माग सांभाळणाऱ्याचे सारे माग बंद ठेवले तरी साडेसहा मीटर. शेजारच्या कारागिराने तेवढा वेळ लक्ष दिले, तर तेही जात नाही. मजुरी मीटरवर असल्याने हा तोटा कारागिराच्या माथी मारू नये, एवढे मात्र पाहिले पाहिजे. जोहरची नमाज नेमकी याच वेळेत येते. नमाजीला सुटी मिळतेच. तिला 20 मिनिटे जोडून बाह्या वर सारून मशिदीच्या सहनात बसता येईल. मे महिन्यात हे जमणार नाही, तेव्हा उगाच उन्हाचा झटका ओढवून घेऊ नये. स्त्रियांसाठी इमारतीच्या गच्चीला चादरींचा आडोसा करून दुपारचा एक तास राखून ठेवणे हे कोणत्याही सोसायटीला जमण्यासारखे आहे.

पुडीबद्दल थोडे. 60 हजार युनिटची मात्रा आठवड्याला एक, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. आमच्या पेढीवरील ताके तपासणाऱ्या एका गड्याला तिने आराम पडला, म्हणून तो कोणाला न विचारता वर्षभर घेत राहिला. हे जीवनसत्त्व अंगात साठते. अति झाले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते. त्याला वेळीच थांबवले, हे अल्लाहचे उपकार. कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, अशी शंका अनेकांना असते. पुडी आणि थेंब यांत कॅप्सूलच नसते. बाजारातील बहुतेक 'ड-3' मेंढीची लोकर धुताना निघणाऱ्या चिकट मेणापासून बनते. तीस वर्षे कापडात घालवूनही हे आम्हांला ठाऊक नव्हते.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही ताके तपासण्याचे टेबल दुपारी बाराला गोदामाबाहेर ओट्यावर काढतो. उजेडात कापडाचा दोषही चटकन दिसतो, म्हणून गडी खूश आहेत. मुनीमजी तेवढे येत नाहीत. रोकड सोडून उन्हात कसे बसू, म्हणतात.