धानाच्या पातीतलं मँगनीज

तुमसरच्या एका वाचकानं विचारलं आहे, ‘हरित हायड्रोजनसाठी म्हणे मँगनीज लागणार. मग आमच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीचं नशीब फळफळणार का?’ प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. बहुधा नाही. पण या ‘नाही’मागचं कारण मोठं मजेदार आहे.

आधी खाण. भंडारा, नागपूर आणि पलीकडे बालाघाट असा हा मँगनीजचा पट्टा. लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि या खनिजासोबत सापडणाऱ्या एका खडकाला इथल्या गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते आजही आहे. (प्रवासवर्णनांसाठी गाजलेला पॅट्रिक ली फर्मोर हा याच गृहस्थांचा मुलगा.) डोंगरी बुजुर्ग ही ‘मॉइल’ या कंपनीची उघडी खाण. तिथलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कारखान्यांना जातं. संपलेला टॉर्चचा सेल लहानपणी दगडानं फोडून ज्यांनी हात काळे केलेत, त्यांची या पदार्थाशी ओळख आहेच. फ्रान्सच्या लेक्लांशेनं १८६६ साली जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी जमवली, ती अजून टिकून आहे. वीज साठवण्याच्या कामात मँगनीज नवखं नाही, ते असं.

मात्र सेलमध्ये मँगनीज खर्ची पडतं. हायड्रोजनच्या गोष्टीत त्याची भूमिका उत्प्रेरकाची, म्हणजे काम करून पुन्हा जसंच्या तसं उरण्याची.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांची क्षमता उभारायची, असं उद्दिष्ट. दुपारच्या उन्हाची जादा वीज वापरून पाणी फोडायचं आणि ती ऊर्जा हायड्रोजनच्या रूपात साठवायची. बातम्या सगळ्या हायड्रोजनच्या. खरी अडचण मात्र ऑक्सिजनची. पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, तेव्हा कुठे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. आम्लयुक्त पटल असलेल्या संचात हे काम आजवर इरिडियम या दुर्मीळ धातूनं केलं. इरिडियम जगात निघतं वर्षाकाठी जेमतेम ७-८ टन. त्याच्या भरवशावर जगाचं इंधन बदलणार म्हणणाऱ्यांनी एकदा त्रैराशिक मांडून पाहावं.

आता खाणीकडे पाठ करून शेजारच्या धानाच्या बांधीत उतरू. रोवणी झालेल्या प्रत्येक हिरव्या पातीत हेच पाणी फोडण्याचं काम दिवसभर चालू असतं. तिथे इरिडियम नाही. आहेत मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पाच. भंडाऱ्यात जमिनीखाली मँगनीज आणि जमिनीवर त्याचा सर्वांत हुशार कारागीर, हे मला फार आवडतं!

हे कळलं कसं? १९६९ साली पिएर जोलिओ यांच्या गटानं अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले आणि दर झोताला किती ऑक्सिजन निघतो ते मोजलं. पहिल्या झोताला जवळजवळ काही नाही, दुसऱ्यालाही फारसं नाही, तिसऱ्याला भरपूर. त्यानंतर सातव्याला, मग अकराव्याला. दर चार झोतांनी भरती, पण पहिली तिसऱ्याला! स्टँडवरचा शेअर ऑटो आठवा. चार सवाऱ्या भरल्याशिवाय तो हलत नाही. पण रात्रभर उभ्या असलेल्या ऑटोत एक सवारी आधीच येऊन बसलेली असते, म्हणून पहिली फेरी तिघांत सुटते आणि पुढच्या प्रत्येक फेरीला चौघं लागतात. अधूनमधून एखादा झोत वाया जातो, आणि पुढे पुढे भरती-ओहोटी पुसट होत जाते. १९७० मध्ये बेसेल कॉक यांनी या आकड्यांवरून पाच अवस्थांचं चक्र मांडलं. चक्राला नाव पडलं कॉकचं. जोलिओंची ओळख मात्र अनेकदा ‘मेरी क्युरींचा नातू’ एवढ्यावर संपते. ते नातू होतेच, पण झोत मोजले ते त्यांनी.

चार अणूंची नेमकी मांडणी दिसायला २०११ उजाडलं. जपानमध्ये शेन आणि कामिया यांच्या गटांनी ती क्ष-किरणांनी टिपली. गोम अशी, की क्ष-किरणच मँगनीजला बिघडवतात. मग बर्कलेचे विट्टल याचंद्रा, जुन्को यानो आणि यान केर्न, स्वीडनचे योहानेस मेसिंगर, बर्लिनच्या अथिना झूनी अशी मंडळी एकत्र आली. सरकत्या पट्ट्यावर नमुन्याचे थेंब ठेवायचे, प्रत्येकावर मोजून झोत टाकायचे आणि थेंबाची वाफ होण्याआधीच, सेकंदाच्या अब्जांशाच्याही दहा हजाराव्या हिश्श्याच्या आत, क्ष-किरणांनी चित्र घ्यायचं. २०१८ मध्ये या पद्धतीनं चक्रातल्या पायऱ्यांची चित्रं छापून आली. हे एका देशाच्या, एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

मग मँगनीज थेट यंत्रात का नाही? कारण आम्लात, विजेच्या दाबाखाली ते विरघळतं आणि परमँगनेट होतं, विहिरीत टाकतो त्या जांभळ्या औषधातलं. २०२४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या र्‍यूहेई नाकामुरा यांच्या गटानं मधला मार्ग काढला. मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे अणू सुटेसुटे बसवून त्यांनी ९५ टक्के इरिडियम वाचवलं. प्रयोगशाळेत, हे विसरू नका.

आणि समजा उद्या निव्वळ मँगनीज चाललं, तरी उत्प्रेरक तो, खाणीच्या हिशेबात लागणार चिमूटभर. खाणीचं गिऱ्हाईक आजही मुख्यतः पोलाद आहे. बॅटऱ्यांनी मागणी वाढवली तर थोडं पारडं झुकेल, हायड्रोजननं नाही.

पातीनं मात्र विरघळण्याचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला आहे. टिकाऊपणाच्या नादी ती लागतच नाही. मँगनीजला धरून ठेवणारं प्रथिन कडक उन्हात अर्ध्या-एक तासात खराब होतं. पात ते काढून टाकते, नवं घडवते आणि ते चार अणू पुन्हा जागच्या जागी बसवते. दुरुस्तीसाठी काम बंद ठेवून नव्हे, तर भर दुपारी, काम चालू असतानाच.