पायास साजेल ते पायताण

गर्भगिरीच्या डोंगरवाटांनी मढीस अथवा मोहट्यास जाणारा भाविक पुष्कळदा अनवाणी असतो. त्याच वाटांवर धावण्याचा सराव करू इच्छिणारा विद्यार्थी मात्र जाड तळाचे, उंच टाचेचे बूट मागतो. ह्या दोहोंमधील एक जोडा आता बाजारात मिळतो. त्यास ‘बेअरफूट शूज’, म्हणजे अनवाणी बूट, असे विचित्र नाव पडले आहे. तो पारखावा कसा, हे पालकांस कळावे म्हणून हा अल्प प्रयत्न.

ह्या जोड्याचा तळ पातळ व लवचीक असतो, टाच व चवडा एका पातळीवर राहतात, आणि पुढील भागात बोटे मोकळी पसरतात. आपणांस ह्याचे फारसे नवल वाटू नये. कोल्हापुरी वहाणही बरीचशी सपाटच असते. तिचे कातडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावीत आले आहेत. जिचा काटा पायात मोडतो, तिचीच साल पायाच्या रक्षणास यावी, ही मौजच! परंतु मागे पट्टा नसल्यामुळे उतारावर धावण्यास ती वहाण निरुपयोगी होय.

अनवाणी धावून जिंकल्याचे दाखले आहेत. बारामतीच्या लता करे ह्यांनी २०१४ साली नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोम येथे ऑलिंपिक मॅरॅथॉन अनवाणी जिंकली. पण तोच १९६४ साली टोकियोस बूट घालून अधिक वेगाने धावला. तेव्हा कोणत्याही पक्षाने फार हुरळून जाऊ नये.

हार्वर्डचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१० साली दाखविले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा चवडा आधी टेकतात व त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो. मात्र तो भार मग पोटरीस व टाचेमागील शिरेस सोसावा लागतो. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या दहा आठवड्यांच्या परीक्षणात, अशा बुटांकडे वळलेल्या पुष्कळ धावपटूंच्या पायांच्या हाडांत सूज आढळली. म्हणून शर्यतीच्या पंधरवडाभर आधी नवा जोडा घेऊन धावू लागणाऱ्या मुलास शर्यतीच्या दिवशी बहुधा प्रेक्षकांतच बसावे लागेल! प्रथम कित्येक आठवडे तो घालून केवळ चालावे. मग दिवसाआड पाच-दहा मिनिटे मऊ जमिनीवर धावावे. पोटरी थोडी भरून येणे समजण्यासारखे आहे. परंतु पावलाच्या एकाच ठिकाणी हाड दाबल्यास दुखू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांस दाखवावे.

माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. कागदावर उभे राहून दोन्ही पावले पेन्सिलीने रेखावी, आणि सर्वांत लांब बोटापुढे अर्धा इंच जागा सोडावी. पाय वाढता म्हणून दोन अंक मोठा जोडा घेण्याची आपली रीत काटकसरीची खरी, परंतु उतारावर पाय पुढे घसरून नखे काळी पडतात. त्यापेक्षा कवायतीचे सपाट कॅनव्हासचे बूट, पुढून रुंद मिळाल्यास, रोजच्या वापरास महागड्या जोड्याचे बहुतेक काम करतात. डोंगरवाटेस मात्र खाचा असलेला, थोडा जाड तळ हवा. सराटे, ज्वारीची धसकटे व बाभळीचा काटा पातळ रबरास जुमानीत नाहीत.

घरात कोणास मधुमेह असून तळव्यांची संवेदना मंदावली असेल, तर त्यांनी हा जोडा व अनवाणी चालणे दोन्ही टाळावे. काटा रुतल्याचेही त्यांस कळत नाही.