शेजवानच्या ताटात आपलीच पिके

तालुक्याच्या गावी गाडीवर मिळणारा लालभडक शेजवान राइस तुमच्या मुलांनी खाल्ला असेल. पण मंडळी, शेजवान हे काही चटणीचे नाव नव्हे. चीनच्या नैर्ऋत्येला सिचुआन नावाचा प्रांत आहे, त्याच नावाचे आपल्याकडे शेजवान झाले. चेंगडू ही त्याची राजधानी. २०१० साली युनेस्कोने पाककलेचे शहर म्हणून तिचा गौरव केला.

समजा, तिथल्या एखाद्या भारी हॉटेलात तुम्ही सहकुटुंब जेवायला गेलात. गोल टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचे. पदार्थ मधोमध ठेवतात. वडीलधाऱ्यांनी आधी घ्यायचे, मग इतरांनी. आधी थंड पदार्थ, मग गरम. भात बहुधा शेवटी.

मोठ्या मेजवानीतला मानाचा पदार्थ दिसायला अगदी साधा. नावच मुळी ‘उकळत्या पाण्यातला कोबी’! पण ते पाणी नव्हे. कोंबडीचा नि बदकाचा रस्सा तासन्‌तास मंद आचेवर ठेवून, त्यातला गाळ काढून तो पाण्यासारखा नितळ करतात. पैसे पडतात ते कोबीचे नव्हे, त्या कष्टांचे.

दुसरा पदार्थ मापो तोफू. १८६२ साली चेंगडूत चेन कुटुंबाच्या खानावळीत तेल वाहून नेणारे हमाल जेवत, त्यांच्यासाठी मालकिणीने तो केला, असे तिथले लोक सांगतात. हमालांचे ते कालवण आज भारी हॉटेलांत मिरवते. त्यात असते तरी काय? सोयाबीनच्या दुधाचे पनीर, थोडा खिमा आणि मिरची व बाकल्याच्या दाण्यांचे आंबवलेले वाटण. हे वाटण मातीच्या रांजणात, उन्हात ढवळत, वर्ष-वर्ष मुरवतात. वरून जिभेला मुंग्या आणणाऱ्या एका फळाची पूड. हे फळ आपल्या कोकणातल्या तिरफळाचे भावंड. तिरफळासारखेच त्याचेही बी टाकतात नि साल वापरतात.

आता सांगा, कोबी, मिरची, सोयाबीन यांतले आपल्याकडे काय पिकत नाही? माल तोच, मोल वाढते ते निगुतीने आणि मुरवण्याने. लोणची, सांडगे, कुरडया घालणाऱ्या आपल्या घरच्या बायांना ही विद्या नवी नाही. फक्त त्यांचा वेळ आपण हिशेबात धरत नाही. लोणच्याची बरणी विकायला काढाल, तेव्हा कैरी, मीठ नि तेलाबरोबर त्या हातांची मजुरीही किमतीत धरा.